उत्तर टोकाचे पक्षी : मार्चात जावं की जूनमध्ये?

टिटवी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. फिनलंडमधल्या ओउलूत राहायला येऊन तीन वर्षं झाली. पुण्यात होते तेव्हा शनिवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून पाषाण, नाहीतर भिगवण. इथला पहिला हिवाळा मात्र भिंतीकडे बघत काढला. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा, तोही ढगाआड. दुसऱ्या वर्षी बाल्कनीत सूर्यफुलाच्या बिया टांगल्या (सोसायटीला विचारून!) आणि रामगंगा पक्ष्याचे इथले चुलतभाऊ यायला लागले. मग जुनी १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली आणि घरचं बजेट कोसळलं.

तर प्रश्न असा. आम्हा दोघांना मिळून एकच आठवडा सुट्टी जमतेय. जायचंय नॉर्वेच्या वारांगर द्वीपकल्पात, अगदी वार्डोपर्यंत. घरापासून साधारण पावणेनऊशे किलोमीटर, गाडीने. गंमत म्हणजे ओउलूतून जाणारा ई-७५ रस्ता वार्डोलाच संपतो; त्याचं दुसरं टोक ग्रीसच्या क्रीट बेटावर आहे.

मार्चअखेर गेलो तर बर्फ आणि किंग आयडर, स्टेलर्स आयडर ही समुद्री बदकं. जूनमध्ये गेलो तर मध्यरात्रीचा सूर्य, घरटी, सगळं गजबजलेलं. कोणी गेलंय का? "दोन्ही वेळा जा" असं सांगणाऱ्यांनी पैसेही पाठवावेत.

मिसळवाला | १२ ऑक्टोबर, रात्री ९.५२

दोन्ही वेळा जा.

रानवेडी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

वाचतेय. वाचनखूण साठवली. फोटो टाक गं आधी, प्रश्न नंतर विचार.

उत्तररात्र | १३ ऑक्टोबर, पहाटे १.०५

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत नऊ वर्षं आहे, वार्डोला पाच वेळा गेलोय. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लेन्सचं विसरा, इथं उजेड सगळं ठरवतो. वार्डोत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोनेक तास निळसर उजेड असतो, डोळ्यांना सुंदर आणि कॅमेऱ्याला जड. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळत नाही. मार्चअखेर दिवस रात्रीहून मोठा झालेला असतो, पण सूर्य दिवसभर खालीच फिरतो. आपल्याकडे सकाळी आठला जी तिरपी ऊन्हं मिळतात ना, ती तिथं दुपारी बाराला मिळतात. आणि दिवस रोज नऊ-दहा मिनिटांनी वाढत असतो. आठवडाभर राहिलात तर शेवटच्या दिवशी तासाभराचा फरक जाणवतो.

दुसरं म्हणजे समुद्र. सत्तर अंश उत्तरेला असूनही बॅरेंट्स समुद्राचा हा काठ गोठत नाही, उबदार प्रवाहाची कृपा. म्हणून सायबेरियातली बदकं थंडी काढायला इथं येतात. होय, थंडी टाळायला वारांगरला येणारेही आहेत जगात. त्यात मार्चच्या सुमाराला कॅपेलिन नावाचा मासा अंडी घालायला किनाऱ्याशी येतो. त्याच्या मागे सगळे येतात: बदकं, कुरव, मोठे मासे, माणसं.

जूनमध्ये झोपेचा बट्ट्याबोळ होतो हे लक्षात घ्या. चांगला उजेड रात्री नऊ ते पहाटे चार. दिवसा झोपायचं, रात्री हिंडायचं. मी एकदा बायकोला "सकाळी निघू" म्हणालो आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या सकाळी तयार झालो.

आबा_कोथरूड | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

एवढं पेट्रोल जाळून बदकं बघायची? उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात लाखाने पक्षी असतात. होडीवाला दाखवतो, वर चिलापी फ्राय आणि भाकरी. आम्ही पंचवीस वर्षं जातोय. तिकडे काय मिळतं खायला? वाळवलेला मासा.

टिटवी | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

आबा, चिलापीच्या बाबतीत निरुत्तर. पण एक सांगते. भिगवणला रफ तुम्ही हजारदा पाहिला असेल: मातकट, पिवळट पायांचा, चिखलात चोच खुपसून चालणारा. मीही बघून पुढे जायचे, म्हटलं याच्यात काय बघायचं. यंदा मे महिन्यात ओउलूजवळच्या लिमिंका खाडीवर एका निरीक्षण मनोऱ्यात उभी होते. समोरच्या गवतात आठ-दहा पक्षी. एकाच्या मानेभोवती पांढरी झालर, दुसऱ्याची काळी, तिसऱ्याची विटकरी, त्यावर कानाशी तुरे. झालर फुलवायची, एकमेकांवर धावून जायचं, आणि मग अचानक सगळ्यांनी मान खाली घालून पुतळ्यासारखं गोठून जायचं. शेजारच्या फिनिश आजोबांना नाव विचारलं तर ते म्हणाले, सुओकुक्को. दलदलीतला कोंबडा. चित्र शोधून पाहिलं, तर आपला भिगवणचा रफ! पंधरा वर्षं ज्याला ऑफिसच्या कपड्यांत पाहिला, तो आज लग्नाला निघालेला दिसला.

आपण ज्यांना हिवाळी पाहुणे म्हणतो त्यांचं घर बघायला जायचंय, एवढंच.

रानवेडी | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.०२

अगं कसलं भारी! रफच्या नरांचे तीन प्रकार असतात हे माहितेय का? झालरवाले दादा, पांढरट झालरीचे साथीदार, आणि तिसरे हुबेहूब मादीसारखे दिसणारे. हे तिसरे २००६ साली कुठं लक्षात आले. बाकीचे भांडत बसतात, हे गुपचूप माद्यांच्या घोळक्यात शिरतात.

मिसळवाला | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये होता असा एक. हलके घ्या.

सोनचाफा_मालवण | १३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मी पक्षीवाला नव्हे, पण काका ट्रॉलरवर होते, त्यांच्यासोबत दोन-तीनदा लांब गेलोय. जमीन दिसेनाशी झाली की पाण्यावर बारके राखी-पांढरे पक्षी थव्याने तरंगताना दिसायचे. चिमणीपेक्षा थोडे मोठे. एवढासा जीव एवढ्या लाटांवर कसा बसतो याचंच नवल. काका म्हणायचे, ह्यांना किनारा ठाऊकच नाही. ते कोण असतील?

उत्तररात्र | १४ ऑक्टोबर, रात्री १२.२०

@सोनचाफा_मालवण, वर्णनावरून रेड-नेक्ड फॅलारोप वाटतात. आणि तसं असेल तर तुमच्या काकांना सांगा, यांना किनारा ठाऊक आहे, फक्त तो इथं आहे!

स्कँडिनेव्हियातल्या फॅलारोपांच्या पायांना जिओलोकेटर (जागेची नोंद ठेवणारं चिमुकलं यंत्र) बांधून पाहिलं, तेव्हा ते हिवाळा अरबी समुद्रात काढतात असं निघालं. उलट स्कॉटलंडच्या शेटलंड बेटावरचे अटलांटिक ओलांडून पार प्रशांत महासागरात जातात. जात एकच, सासर वेगळं.

वारांगरमधल्याच वाडसो गावाला लागून एक छोटं बेट आहे, पुलावरून चालत जाता येतं. तिथं १९२६ साली ध्रुवप्रवासी अमुंडसेनचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज ज्याला बांधलं होतं तो लोखंडी खांब अजून उभा आहे. पर्यटक मान वर करून खांब बघतात. तुम्ही मान खाली घाला. खांबाजवळच्या डबक्यात जूनमध्ये फॅलारोप पोहत असतात. काठावर बसलं की माणसाला मोजतच नाहीत. बुटापासून हातभर अंतरावर भोवऱ्यासारखे गरगर फिरतात, त्याने तळातले किडे वर येतात, ते टिपतात. माझी लेन्स इतक्या जवळचं फोकसच करेना. शेवटी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. थकून गरगरायचं थांबला की डोळ्याची पापणी लवताना दिसते.

रानवेडी | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.३३

आणि यांच्यात मादी नरापेक्षा रंगीत! अंडी घालून निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बाप बघतो. घरच्यांना वाचून दाखवलं. "मग तू कुठं निघालीस?" असा प्रश्न आला.

एफ_आठ | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

कॅमेऱ्याबद्दल कोणी बोलेना म्हणून.

बर्फात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. त्याला वाटतं फार उजेड आहे, मग सगळं करडं करून टाकतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून घ्या, पण पांढरा पक्षी असेल तर हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) बघत राहा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. दोन असतील तर चार घ्या. श्वास व्ह्यूफाइंडरवर सोडू नका, गोठतो.

पफिन हा रंगीत चोचीचा समुद्री पक्षी उडताना हवा असेल तर एक दोन-हजारांश शटर. मिनिटाला चारशेच्या आसपास पंख मारतो तो. एक-हजारांशावर पंखांच्या जागी धूर मिळेल.

१५०-६०० मार्चच्या संध्याकाळी अंधारी पडेल. प्राइम (झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी लेन्स) भाड्याने घ्या.

टिटवी | १४ ऑक्टोबर, रात्री ८.०५

भाड्याने प्राइम म्हणजे मुक्काम गाडीत.

आणि एक माझ्याकडून. पहिल्या वर्षी उणे बावीसमधून येऊन कॅमेरा थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. कुकरची शिट्टी झालेली, भाताची वाफ. दोन मिनिटांत कॅमेऱ्याला घाम फुटला. लेन्सच्या आतसुद्धा दव. चार दिवस तांदळाच्या डब्याशेजारी ठेवून देवाचं नाव घेत होते. आता बाहेरच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करते, आणि घरात आल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडतच नाही. कार्ड मात्र आधी काढून घ्यायचं, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. अनुभव.

घुबडवेडा | १६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

मार्चात जाणार असाल तर वाटेत घुबडाचं करून टाका. मी दोन वर्षांपूर्वी फिनलंडमध्येच एका माणसाकडे पैसे भरून ग्रेट ग्रे आउलचे फोटो काढले. तो बर्फावर उंदीर सोडतो, घुबड सरळ कॅमेऱ्याकडे झेप घेतं. असा फोटो आयुष्यात दुसरीकडे मिळणार नाही.

रानवेडी | १६ ऑक्टोबर, रात्री ११.०४

जिवंत उंदीर?

घुबडवेडा | १६ ऑक्टोबर, रात्री ११.१०

घुबड काय वरण-भात खातं का?

उत्तररात्र | १७ ऑक्टोबर, रात्री १२.४०

प्रश्न उंदराच्या दयेचा नाही. घुबडाला माणूस म्हणजे खाऊ असं शिकवलं की ते रस्त्याकडेला, गाड्यांजवळ यायला लागतं. आणि ज्या वर्षी लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी) नसतात त्या वर्षी घुबडं अशीही हवालदिल असतात. लेमिंगांचं चक्र तीन-चार वर्षांचं. भर असेल तर हिमघुबड अंडी घालतं, नसेल तर शेकडो मैल दुसरीकडे निघून जातं. इकडे हिमघुबडाच्या घरट्याची जागा कोणी जाहीर सांगत नाही, सांगूही नये.

आबा_कोथरूड | १७ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

हे मात्र पटलं. भिगवणला हल्ली होड्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात घुसवतात, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून. आणि कुरवांना गाठी-शेव. परवा एका कुटुंबाने पाव किलो शेव उधळली. पोराला म्हटलं, बाळा, तो मासे खाणारा पक्षी आहे. तर त्याचे वडील म्हणाले, काका, त्यालाही चेंज हवा.

घुबडवेडा | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

बाल्कनीत बिया टांगणंही आमिषच की मग. टिटवीताईंना कोणी बोललं नाही.

टिटवी | १७ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

मुद्दा बरोबर आहे, मीही विचार केला यावर. माझा फरक एवढाच, की बिया मी फोटोसाठी सुरू केल्या तरी कॅमेरा नसतानाही हिवाळाभर चालू ठेवते. भर थंडीत मध्येच बंद करणं वाईट. पण हात स्वच्छ आहेत असा दावा नाही. रोवनच्या झाडाला लाल फळं लागतात तेव्हा वॅक्सविंग पक्षी आपणहून येतात, तेव्हाचे फोटो मला जास्त आवडतात, हेही खरं. पंखांवर लाखेचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असतात.

संपादक मंडळ | १७ ऑक्टोबर, दुपारी २.००

दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. घुबड, उंदीर आणि एकमेकांचे आईवडील यांत गल्लत करू नये.

कावेरी_हेलसिंकी | २० ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

अवांतर, पण धागा ऋतूंचा आहे म्हणून. फिनिश लोकांत एक म्हण आहे, आमच्या भाषेच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात पाठ करून घेतली. मराठीत साधारण अशी: चंडोल आला की उन्हाळा महिन्यावर, चॅफिंच आला की पंधरवड्यावर, धोबी आला की थोडक्यावर, भिंगरी आली की एक दिवसही नाही.

आपल्याकडे धोबी दिसला की आजी स्वेटर उन्हात टाकायची. इथं धोबी दिसला की लोक स्वेटर काढतात.

आणि खिशातलं फिनलंडचं एक युरोचं नाणं काढून बघा. त्यावर उडणारे दोन हंस आहेत. व्हूपर स्वान. शिकारीपायी १९५० च्या आसपास देशात पंधरा-एक जोड्या उरल्या होत्या. आज एप्रिलमध्ये शेताशेतांत दिसतात.

एफ_आठ | २० ऑक्टोबर, रात्री ९.१०

जूनला जाणार असाल तर बर्ड फ्लूची परिस्थिती बघून जा. २०२३ च्या उन्हाळ्यात वाडसो-वार्डो पट्ट्यात किटिवेक (एक जातीचे कुरव) हजारोंनी मेले होते. मित्र गेला होता, कॅमेरा बाहेर काढलाच नाही म्हणाला.

उत्तररात्र | २१ ऑक्टोबर, रात्री १२.१५

हो. तो उन्हाळा विसरता येत नाही. नॉर्वेच्या लाल यादीत किटिवेक आधीच संकटग्रस्त. कड्यांवर जमेना म्हणून ते गावांत शिरलेत, खिडक्यांच्या कडांवर घरटी बांधतात. त्यांचं नॉर्वेजियन नाव क्रुक्ये, ओरडतातही तसेच, पहाटे तीनला. ट्रॉम्सोत त्यांच्यासाठी लाकडी 'हॉटेलं' उभारलीत, म्हणजे दुकानांच्या पाट्या वाचतील. शेजारीण म्हणते, भाडं न देणारे भाडेकरू. पण मार्चात पहिला आवाज आला की तीच खिडकी उघडते.

सोनचाफा_मालवण | २१ ऑक्टोबर, सकाळी १०.००

काकांना फॅलारोपचं वाचून दाखवलं. म्हणाले, नॉर्वे म्हणजे गोव्याच्या पुढं का? मग नकाशा काढला. बराच वेळ बघत बसले.

टिटवी | ६ एप्रिल, रात्री ९.२०

धागा वर काढतेय. मार्चअखेर जाऊन आलो. सुट्टी नवऱ्याच्या ऑफिसने ठरवली, मी नाही, हे आधी कबूल करते.

जाताना उत्तर फिनलंडमधल्या कामानेनला थांबलो. दाणे ठेवलेल्या जागेजवळ डाळिंबी रंगाचे पाइन ग्रोसबीक, इतके शांत की बर्फ खांद्यावर साठू देतात. पुढं उत्सयोकी, आणि मग नॉर्वे. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं हे दोघांच्याही डोक्यातून गेलं. दुसऱ्या दिवशी हॉर्नोया बेटाच्या होडीसाठी वार्डोच्या धक्क्यावर तासभर आधी हजर. फोन आपोआप बदलले होते, पण आम्ही शहाणे, मनगटावरचं घड्याळ बघत होतो.

उत्तररात्रदादा, तुम्ही वाऱ्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. ओउलूतलं उणे पंचवीस परवडलं, वार्डोतलं उणे चार नको. ओउलूत थंडी उभी असते, इथं ती अंगावर धावून येते. तिपाई हातात धरून उभी राहिले तर तिपाईच थरथरायची. लाकडी आडोसे आहेत पक्षी बघणाऱ्यांसाठी, वार्डोच्याच बायोटोप या वास्तुरचनाकारांनी बांधलेले. त्यांना माझा दंडवत. डोंगरापलीकडच्या बोट्सफ्योर गावाला जायचं राहिलं, डोंगरावर वादळ होतं. बर्फ काढणाऱ्या गाडीमागे ताफ्याने गाड्या सोडत होते, तो ताफाही शेवटी रद्द झाला. त्यामुळे किंग आयडर लांबून, दुर्बिणीतला नारिंगी ठिपका. फोटो म्हणाल तर ठिपक्याचा फोटो आहे.

हॉर्नोया. दहा मिनिटांची होडी. उतरल्या उतरल्या पायवाटेला लागून कलगीवाला पाणकावळा घरट्यावर बसलेला, डोळा पाचूसारखा. वर कडा बर्फाने पांढरा, आणि त्यावर गिलमॉट हे काळे-पांढरे समुद्री पक्षी हजारोंनी, दाटीवाटीने, सहाच्या लोकलच्या दारात उभे राहावं तसे. अंडी अजून लांब आहेत, नुसती जागा धरायला येतात. मग काय होतं कोणास ठाऊक, सगळे एकदम सुटतात, पाण्याकडे. डोक्यावर छप्पर कोसळल्यासारखा आवाज. टोपी हवीच, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

पफिन खाली पाण्यावर तरंगत होते, शेकड्यांनी, पण बेटावर यायला तयार नाहीत. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी एक आला, बर्फावर उतरला, घसरला, चोचीवर आपटला, उठून इकडेतिकडे पाहिलं. मी हातमोजा दातात धरून शटर दाबतेय आणि कॅमेरा म्हणतोय बॅटरी संपली. दुसरी आतल्या खिशात होती, एफ_आठ, तुमच्यामुळे. घालेपर्यंत तो गेला. मग अर्ध्या तासाने तीस आले एकदम. अठराशे फोटो काढले, ठेवण्यासारखे एकोणीस.

पण मला विचाराल तर वाडसोच्या बंदरातली संध्याकाळ. वारा पडला होता. जेटीच्या खांबांमधून स्टेलर्स आयडरची रांग, तांबूस छाती, डोक्याच्या मागे हिरवं टिकलीएवढं. आणि त्यांच्या पलीकडे लांब शेपटीची बदकं ओरडत होती. त्याला ओरडणं म्हणू नये. फिनिशमध्ये या बदकाला 'अल्ली' म्हणतात, तोच आवाज, आऊ-आऊ-आल्ली, पाण्यावरून घरंगळत येणारा. नवरा, ज्याला कावळा आणि कोकीळ सोडून काही ओळखता येत नाही, तो म्हणाला, "रेकॉर्ड कर ना." केलं. त्यात माझं नाक ओढणंच जास्त ऐकू येतंय.

एफ_आठ | ६ एप्रिल, रात्री ९.४४

अठराशेत एकोणीस म्हणजे उत्तम. घसरलेल्या पफिनचा एकही नाही?

टिटवी | ६ एप्रिल, रात्री ९.४६

नाही. मीठ चोळू नका.

उत्तररात्र | ७ एप्रिल, रात्री १२.३०

वाऱ्याबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, आला नसतात. जूनला वारा कमी असतो, पण सुरय (टर्न पक्षी) टोचतात. घरट्याजवळून जाताना डोक्याच्या वर काठी धरा, ते सर्वात उंच टोकावर हल्ला करतात. माझ्या पहिल्या वर्षी सर्वात उंच टोक म्हणजे टक्कल होतं.

आबा_कोथरूड | ७ एप्रिल, सकाळी ७.०५

फोटो पाहिले. पाणकावळ्याचा डोळा झकास. आमच्या गच्चीवरचा पांढरा धोबी चार दिवसांपूर्वी गेला. तुझ्याकडे पोचला की कळव.

उत्तररात्र | ७ एप्रिल, दुपारी १.१५

आबा, फिनलंडचे पांढरे धोबी हिवाळ्यात इजिप्त-इस्राएलकडे जातात, पुण्याला नाही. निळ्या गळ्याचा ब्लूथ्रोट म्हणाल तर नॉर्वेतले भारत-पाकिस्तानकडे येतात, तो पाठवू शकता.

आबा_कोथरूड | ७ एप्रिल, दुपारी १.४०

तोही पाषाणला बोरूत होता यंदा. दिसतो कुठं नीट, शेपूट दाखवून लपतो. तिकडे गातो म्हणे झुडपाच्या शेंड्यावर बसून. कधी?

टिटवी | ७ एप्रिल, दुपारी ३.२०

जूनमध्ये, आबा.

नवखा_पाखरू | ९ एप्रिल, रात्री ११.५५

नमस्कार, आजच सभासद झालो. धागा खूप माहितीपूर्ण. आम्हीही यंदा विचार करतोय, फक्त एक विचारायचं होतं: मार्चात जावं की जूनमध्ये?

मिसळवाला | १० एप्रिल, रात्री १२.०१

दोन्ही वेळा जा.